तेहतीस हजार आठशे पन्नास

‘एकतीस हजार सातशे एकोणसत्तर,’ चौगुले म्हणाला आणि पगाराची स्लिप त्यानं जेवणाच्या डब्याशेजारी आपटली. ‘पगार म्हणायचा चाळीस हजार नऊशे साठ, आणि हातात एकतीस. सांगा, माणसानं खायचं काय?’

‘आमच्याकडं या की जेवायला, सर,’ मोमीन मॅडम म्हणाल्या. ‘आज मेथी आहे.’

शिक्षकखोलीत हशा झाला. मीही हसलो. हसल्याशिवाय त्या खोलीत बसता येत नव्हतं.

मोमीन मॅडम हिंदी शिकवायच्या, मी गणित. आम्ही दोघं विनाअनुदानित तुकड्यांवर होतो. म्हणजे सरकार आमचा पगार देत नव्हतं. नियमानं तो संस्थेनं द्यायचा होता. संस्था काय करायची, तर दर महिन्याच्या सात तारखेला आमच्यासमोर रजिस्टर ठेवायची. त्यात पूर्ण पगाराचा आकडा. आम्ही रेव्हेन्यू तिकिटावर ‘मिळाले’ असं लिहून सही करायची आणि मग क्लार्क नलवडे आम्हाला एक पाकीट द्यायचा. पाकिटात तीन हजार. माझी सात वर्षं झाली होती, मॅडमची नऊ.

चौगुले अनुदानित जागेवर होता. शाळा तीच, विषय तोच, इयत्ताही तीच. नववी अ त्याची, नववी ब माझी. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. मी पहिला आलो, तो सव्विसावा. त्याच्या पाठांचे सगळे तक्ते मी रंगवून दिलेत. फळ्यावर वर्तुळ काढलं की ते त्याच्या हातून अंड्यासारखं व्हायचं. पण मुलाखतीला आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो आणि संस्थेचे सेक्रेटरी आण्णा यांनी दोघांना एकच प्रश्न विचारला, ‘किती देणार?’ चौगुलेच्या बापानं उसाचं एक एकर विकलं. मी म्हणालो, ‘मी पहिला आलोय.’

आण्णा म्हणाले, ‘अरे वा. मग तुम्हाला ब तुकडी देतो.’

‘पेन्शनचे एकोणचाळीसशे एकतीस,’ चौगुले बोटांवर मोजत होता. ‘पतसंस्थेचे पाच हजार. विमा. व्यवसाय कर. कापतच सुटलेत.’

‘बघू,’ मी म्हणालो.

त्यानं स्लिप पुढं सरकवली. वर छापील नाव होतं, चौगुले अभयकुमार बाळगोंडा. खाली दोन रकाने. मी ती जेवण होईपर्यंत वाचली. एका पानाचा कागद, त्यात वाचायला असतं काय? तरी वाचली. मग त्यानं ती घडी घालून खिशात टाकली, बसच्या तिकिटासारखी.

त्या जूनमध्ये मी शिक्षणाधिकाऱ्यांना चार पानी अर्ज लिहिला होता. पूर्ण पगारावर सह्या घेतात आणि तीन हजार देतात, चौकशी करा, आमचा मागचा सगळा पगार संस्थेकडून वसूल करून द्या. हातानं लिहिला, कारण टाइप करायला बाहेर दिला असता तर तासाभरात आण्णांच्या टेबलावर पोचला असता. मोमीन मॅडमनी तो दोनदा वाचला.

‘सर, हा पाठवला की मग मागं नाही यायचं.’

‘नाही यायचं.’

‘माझी शाहीन बारावीला आहे. तिला नर्सिंगला घालायचंय. तुमच्या भरवशावर सही करते मी.’

‘करा.’

त्यांनी माझ्या सहीखाली सही केली. दोनच सह्या. बाकीचे विनाअनुदानितवाले म्हणाले, आधी तुमचं काय होतंय बघू. सप्टेंबरात पत्र आलं की चौकशीला अधिकारी येतील. तारीख दिली नव्हती.

त्याच सुमाराला चौगुलेला मतदार यादीच्या कामाला आठ दिवस लावलं. हेडसरांनी मला बोलावलं. ‘सुतार, अ वर्ग तुम्ही सांभाळा. अर्थनियोजनाचा धडा राहिलाय त्यांचा.’

जाताना चौगुलेनं ती स्लिप माझ्या हातात दिली. ‘नाव झाक आणि दाखव पोरांना. खरी स्लिप बघू देत. पुस्तकातली उदाहरणं म्हणजे सगळा बाष्कळपणा.’ चांगल्या मनानं दिली. आज कळतं. तेव्हा मला हॉटेलात वेटरच्या ताटलीत टाकलेल्या नाण्यासारखं वाटलं.

अ वर्गात पंखा होता. ब वर्गात पंख्याचा हूक होता. मी चौगुलेच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले. एकूण वेतन, कपात, निव्वळ वेतन.

‘तुमच्या घरात पगार किती असं विचारलं तर तुम्ही कुठला आकडा सांगता?’

‘हातात येतो तो!’

‘तो पगार नव्हे. तो उरलेला पगार. खरा पगार वर असतो. मधे काय काय गेलं ते ज्याला वाचता येतं त्याला कुणी फसवत नाही. उद्या प्रत्येकानं आईवडिलांची स्लिप आणायची.’

आमच्या गावाला लागूनच एमआयडीसी. निम्म्या पोरांचे बाप फौंड्रीत. दुसऱ्या दिवशी बेचाळीस पोरांत अकरा स्लिपा आल्या. बाकीच्यांनी काय काय आणलं! कुणी ठेकेदाराच्या डायरीचं फाडलेलं पान, कुणी मोबाइलवरचा मेसेज. पहिल्या बाकावरच्या प्रणोती खोतनं सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा आणला होता. त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, ‘खोत, २६ दिवस, ९१००’. तिचा बाप ओतीव माल घासायच्या खात्यात होता, ठेकेदाराकडून.

‘सर, ह्यात कपात कुठं लिहायची?’

‘यात कपात नाही.’

‘मग चांगलंच की. आमच्या पप्पांचं कायच कापत न्हाईत.’

वर्ग हसला. मी हसलो नाही.

‘ज्याचं कापत नाहीत,’ मी म्हणालो, ‘त्याचं पुढं काही साठत नाही. म्हातारपणी पेन्शन नाही. मशिनीत हात गेला तर विमा नाही. आणि उद्या ठेकेदार म्हणाला, हा खोत कोण, मी ओळखत नाही, तर दाखवायला कागद नाही. कळलं? कापून घ्यायला आधी माणूस मोजलेला असावा लागतो.’

प्रणोती वहीत लिहायला लागली. मी बोललेलं शब्दनशब्द लिहून घ्यायची ती. लिहून झाल्यावर मान वर केली.

‘सर, तुमचं काय काय कापतात?’

तिच्या मनात काही नव्हतं. धड्यातला प्रश्न विचारावा तसा विचारला होता. पण मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सरांचं पीठ कापून घेतात!’

दुसरा म्हणाला, ‘सर, गिरणीची पण स्लिप असती काय?’

रविवारी मी मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसायचो. दळण टाकायचं, पिठाचे डबे उचलायचे. ह्याच पोरांच्या आया रांगेत असायच्या. ‘सर, भाकरीचं हाय, जरा बारीक काढा.’ सोमवारी तीच पोरं माझ्यासमोर बसायची. ब वर्गाला सवय झाली होती. अ वर्गाला गंमत होती. बेचाळीस पोरं बाकं बडवून हसत होती, आणि फळ्यावर पट्टी चिकटवलेली चौगुलेची स्लिप पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होती.

‘उद्या आणतो,’ मी म्हणालो. ‘माझी स्लिप. बघा आणि बोला.’

संध्याकाळी मी पांढरा कार्डशीट, पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसलो. चौगुलेचे आकडे समोर ठेवले होते. आधी तेच उतरवणार होतो. मग वाटलं, का? पहिला मी आलोय. मी मूळ वेतनात वाढ धरली. महागाई भत्ता त्या हिशेबानं काढला. एकूण त्रेचाळीस हजार पाचशे. मग कपातीचा रकाना लाल पेननं. पेन्शन. पतसंस्था. विमा. पोराच्या नावानं आणखी एक विमा असावा असं वाटलं, तोही घातला. कपात नऊ हजार सहाशे पन्नास. निव्वळ तेहतीस हजार आठशे पन्नास.

बायको डोकावून गेली. ‘काय चाललंय?’

‘उद्याचा तास.’

ते खोटं नव्हतं. इतकं मन लावून मी कुठलाच तास तयार केला नव्हता.

सगळ्यात खाली मी ‘मिळाले’ असं लिहिलं आणि सही केली. विचार करून नव्हे. पगाराच्या आकड्याखाली मिळाले लिहायचं आणि सही ठोकायची, सात वर्षांत हाताला एवढंच वळण लागलं होतं. न लिहिता कागद अपुरा दिसला असता.

तक्ता मी अ वर्गात मागच्या भिंतीवर लावला. पोरं गप्प झाली. ‘गिरणीची स्लिप’ म्हणणारा तर उभा राहून वाचत होता. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. प्रणोतीनं दोन स्लिपांची वजाबाकी केली.

‘सर, तुमचा चौगुले सरांच्यापेक्षा दोन हजार एक्क्याऐंशीनं जास्त हाय.’

‘ती चौगुले सरांची कशावरून? नाव झाकलेलं आहे.’

‘सगळ्यांना माहिताय, सर.’

मी तिला वहीत दहापैकी दहा दिले.

‘पण सर, ही खरी हाय न्हवं? का उदाहरणार्थ?’

तो प्रश्न विचारणारी ती एकटीच. हुशार पोर. ‘उदाहरणार्थ’ म्हणायला मला काय लागत होतं? एक शब्द.

‘खरी,’ मी म्हणालो.

चार दिवस मी राजासारखा जगलो. अ वर्गात शिरलो की पोरं झटकन उभी राहायची. रविवारी गिरणीत प्रणोतीची आई आली. दळणाचा डबा माझ्या हातात देताना ओशाळली. ‘सर, तुम्ही कशाला राबताय हितं? मेव्हण्याला मदत व्हय?’

‘हां. मदत.’

‘मोठं मन तुमचं.’

मी तिची ज्वारी बारीक काढून दिली आणि वर आठ आणे सूट दिली. आठ आणे आता चालत नाहीत, असं मेव्हणा ओरडला. मी म्हटलं, माझ्या पगारातून काप.

चौगुले परत आला. पहिल्याच तासाला त्यानं तक्ता बघितला असणार. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. शर्ट नेहमीसारखा कडक इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं.

‘सुतार, तो तक्ता काढून टाक.’

‘का?’

‘काढ म्हणतोय तर काढ की.’

‘तुझी फळ्यावर लावलेली चालते. माझी भिंतीवर नको?’

‘तसं नव्हे रे. चौकशी येणार आहे तुमची. कुणी बघितलं तर?’

‘कुणी बघितलं तर तुला कमीपणा येईल. पोरं वजाबाकी करतात. दोन हजार एक्क्याऐंशी.’

 त्यानं मोमीन मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. त्या तासावर होत्या. ‘तुला काय सांगायचं,’ म्हणाला आणि डबा न उघडता निघून गेला.

तक्ता मी काढायला हवा होता. मला कळत होतं. रोज शाळा सुटल्यावर काढू म्हणायचो आणि रोज सुटताना मागच्या भिंतीकडं बघून घराकडं जायचो.

मंगळवारी जीप आली. वाघमोडे साहेब, उपशिक्षणाधिकारी. वय झालेलं, चष्म्याला दोरी, बोलणं शांत. हेडसरांनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. मला तेवढ्यानंच धीर आला. त्यांनी रजिस्टर मागवून घेतलं, आमचा अर्ज पुढ्यात ठेवला आणि आधी मोमीन मॅडमना आत बोलावलं. अर्धा तास मॅडम आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा घामानं भिजलेला, पण डोळे चमकत होते.

‘सगळं सांगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘तिकिटाचं, पाकिटाचं, सगळं. साहेब माणूस चांगला दिसतोय. म्हणाले, एकीच्या सांगण्यावर होत नाही, सुतार सरांनी हेच सांगितलं की अहवाल तुमच्या बाजूनं. आता तुम्ही तेवढं नीट सांगा.’

‘सांगतो.’

‘रागावू नका. शांतपणे.’

‘मॅडम, चार पानं मीच लिहिलीत.’

त्या हसल्या. मी ऑफिसच्या दाराशी थांबलो. आतून हेडसर म्हणत होते, ‘साहेब, आलाच आहात तर वर्ग बघून घ्या. नववी अ. अर्थनियोजनाचा फार सुंदर पाठ झालाय.’

साहेब वर्गावर गेले. पाच मिनिटांत शिपाई पळत आला. ‘सुतार सर, अ वर्गात बोलावलंय.’

मी आत गेलो. चौगुलेचा तास चालू होता; तो खिडकीशी हातात खडू घेऊन उभा. हेडसर मागच्या भिंतीजवळ, जत्रेत पाळणा मिळालेल्या पोरासारखे खूश. वाघमोडे साहेब तक्त्यासमोर. बेचाळीस पोरं माना मागं वळवून बसलेली. माझ्यामागून मोमीन मॅडम आल्या आणि दाराबाहेर व्हरांड्यात थांबल्या.

‘कृष्णात ज्ञानू सुतार,’ साहेबांनी वाचलं. ‘निव्वळ वेतन तेहतीस हजार आठशे पन्नास. मिळाले. ही सही तुमची?’

‘होय.’

‘अक्षर?’

‘माझंच.’

‘तुमच्या अर्जात तीन हजार मिळतात म्हणून लिहिलंय.’

‘होय.’

‘मग हे काय आहे?’

 साहेबांनी चष्मा काढला. आवाज खाली आणला, पण सगळा वर्ग ऐकत होता. ‘हे बघा, पोरांना शिकवायला नमुना म्हणून केला असेल. शिक्षक करतात तसं. तसं असेल तर तसं सांगा, मी लिहून घेतो. विषय संपला.’

त्यांनी पेनाचं टोपण काढलं सुद्धा. माणूस माझ्यासाठी दार उघडून उभा होता. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

प्रणोती उभी राहिली. ‘नमुना न्हाई, साहेब. खरी हाय. आम्ही विचारलंय सरांना.’

‘बस खाली,’ हेडसर म्हणाले, पण लाडानं.

मी पोरांकडं बघितलं नाही. मी चौगुलेकडं बघितलं. आणि त्यानं मान हलवली. हलकीच, वरखाली. ‘सांग, सुतार,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘सांगून टाक.’

तो तसं म्हणाला नसता तर कदाचित मी सांगितलंही असतं. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. आता तेही समजावत नाही. मला एवढंच दिसत होतं की चौगुले खिडकीशी उभा आहे, त्याच्या खिशात छापील नावाची स्लिप आहे, आणि मी त्याच्या वर्गात, त्याच्या पोरांसमोर, त्याच्या परवानगीनं सांगायचंय की माझ्याकडं काही नाही. सव्विसावा आलेला माणूस पहिल्या आलेल्याला म्हणतोय, सांग.

‘खरी आहे,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘स्लिप खरी आहे.’

‘म्हणजे पगार मिळतो तुम्हाला?’

‘मिळतो.’

‘पूर्ण?’

‘कपात होऊन.’

‘मग हा अर्ज?’

‘रागात लिहिला होता. वैयक्तिक कारण होतं.’

साहेबांनी रजिस्टर उघडलं. बोट फिरवलं. ‘रजिस्टरात तर आकडा वेगळा आहे.’

‘फरकाची रक्कम, साहेब,’ हेडसर लगेच म्हणाले. ‘त्या महिन्यात फरक दिला होता.’

साहेब माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं. पण माणूस स्वतःच्या तोंडानं मिळाले म्हणत असेल तर अधिकारी काय लिहिणार? त्यांनी जबाब लिहिला, मी सही केली. सही करताना चौगुलेच्या हातातला खडू मोडल्याचा आवाज आला.

बाहेर आलो तेव्हा व्हरांडा रिकामा होता.

शाळा सुटल्यावर सायकल काढत होतो, तर चौगुलेनं येऊन हँडल धरलं.

‘हे काय केलंस तू?’

‘तुला काय करायचंय?’

‘मला काय करायचंय?’ त्यानं खिशात हात घातला आणि बँकेचं पासबुक काढलं. ‘हे बघ. बघ म्हणतो ना.’

मी बघितलं. दर महिन्याला पगार जमा, एकतीस हजार आणि वर काही. दुसऱ्या दिवशी रोख पंधरा हजार काढलेले. महिन्यामागून महिना, पानामागून पान.

‘आण्णांच्या पेट्रोल पंपावर नेऊन देतो,’ तो म्हणाला. ‘एका एकरात भागलं नव्हतं. उरलेलं असं फेडायचं ठरलं. शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपून पूर्ण पगार सुरू झाल्यापासून चार वर्षं झाली, अजून तीन. हे कुठल्या स्लिपवर येत नाही. चौकशी येणार कळल्यापासून पासबुक खिशात घेऊन फिरतोय मी. तू खरं बोलला असतास तर साहेबांच्या हातात देणार होतो. एकट्यानं बोलायची माझी छाती नाही, सुतार. म्हणून म्हणालो तुला, सांग.’

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पासबुक पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. काय वाटलं ते सांगतो. एकतीस हजार सातशे एकोणसत्तरातून पंधरा हजार गेले. राहिले सोळा हजार सातशे एकोणसत्तर. मी ती वजाबाकी सायकलजवळ उभ्या उभ्या केली.

पासबुक त्याच्या हातात परत ठेवलं. ‘तुझ्याकडून घेण्याजोगं तरी काहीतरी आहे,’ मी म्हणालो.

त्यानं हँडल सोडलं. नंतर आम्ही नऊ वर्षं एका शाळेत होतो. ‘नमस्कार’ सोडून एक शब्द झाला नाही.

अहवाल दोन महिन्यांनी आला. हेडसरांनी तो शिक्षकखोलीत वाचून दाखवला, मोठ्यानं, पाणी पीत पीत. अर्जदार क्रमांक एक यांनी पूर्ण वेतन मिळत असल्याचा जबाब दिला. अर्जदार क्रमांक दोन यांच्या म्हणण्यास पुरावा नाही. तक्रार निकाली. शेवटी एक त्रुटी काढली होती. संस्था विनाअनुदानित कर्मचाऱ्यांच्या वेतनातून व्यवसाय कराची कपात करत नाही, ती तात्काळ सुरू करावी. वाघमोडे साहेबांना संस्थेला काहीतरी टोचायचं असेल. त्यांच्या हातात तेवढंच राहिलं होतं.

मोमीन मॅडम वही तपासत बसल्या होत्या. त्यांचं लाल पेन थांबलं नाही. पुढच्या वर्षी शाहीनचा नर्सिंगला प्रवेश झाला नाही हे मला शिपायाकडून कळलं. ती एमआयडीसीतल्या पॅकिंग खात्यात लागली, ठेकेदाराकडून.

अहवालानंतरच्या सात तारखेला आम्ही ऑफिसात रांगेत उभे राहिलो. माझा नंबर आला. नलवडेनं रजिस्टर पुढं केलं. मी तिकिटावर सही केली. त्यानं पाकीट दिलं, ते नेहमीपेक्षा हलकं लागलं म्हणून मी तिथंच मोजलं.

‘दोनशे कमी आहेत.’

‘अठ्ठावीसशेच आहेत. दोनशे व्यवसाय कर.’ नलवडे दात काढून हसला. ‘साहेबांच्या अहवालात आलंय. झालात की सर, पगारदार.’

‘तीन हजारांतून दोनशे?’

‘तीन हजार कोण म्हणतंय? रजिस्टर बघा. तुम्हीच सांगितलंय साहेबांना.’

मी रजिस्टर बघितलं. नवीन रकाना आखला होता. वर लाल शाईनं ‘कपात’ आणि माझ्या नावासमोर दोनशे. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मी चिडायला हवं होतं, टेबल उलथायला हवं होतं. तीन हजारांतले दोनशे म्हणजे आठवड्याचं तेल आणि साखर. पण मी बोट काढलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी कापलं होतं, लिहून, आकड्यात, सगळ्यांच्या सारखं. आणि मी, लाज वाटत नाही सांगायला, की वाटते, मी नलवडेला विचारलं,

‘मग आता स्लिप मिळंल काय?’

नलवडे इतका हसला की त्याला ठसका लागला. रांगेतले सगळे हसले. मी वळून बघितलं. माझ्यामागं मोमीन मॅडम होत्या. पेन उघडून उभ्या होत्या. त्यांच्याही नावासमोर दोनशे होते.

त्या हसल्या नव्हत्या. रागावलेल्याही दिसत नव्हत्या.

‘झालं असेल तर सरका, सर,’ त्या म्हणाल्या. ‘मला सही करायचीय.’